वायरचं दुसरं टोक

१

एकट्या माणसानं वायर ओढू नये. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण नेटवर्कच्या धंद्यातला कुणीही तुम्हाला सांगेल. भिंतीतल्या पाइपातून वायर वर न्यायची म्हणजे दोन माणसं लागतातच. एक खाली, वायर सरकवायला. एक वर, ओढायला. खालचा ओरडतो, "ओढ!" वरचा ओढतो. पुरे झालं की खालचा म्हणतो, "बास!" राउटर, स्विच, लुकलुकणारे हिरवे दिवे, ही सगळी नंतरची चैन. आधी ही दोघांची झटापट.

रोहिदासकडे दुसरा माणूस नव्हता. पूर्वी होता. दत्तोबा म्हणून त्याचा भागीदार, चांगला दणकट गडी. पण त्याला हिंजवडीत एसीतली नोकरी लागली आणि "भावा, येत जाईन रे अधूनमधून" म्हणून जो गेला तो गेलाच. तेव्हापासून रोहिदास एकटा. खाली वायर सरकवायची, धावत जिना चढायचा, वर ओढायची, अडकली की पुन्हा खाली. आणि सवय बघा कशी असते, खाली उभं राहून तो अजूनही ओरडायचा, "ओढ!" मग स्वतःवरच हसायचा आणि गुडघ्यावर हात ठेवून जिन्याला लागायचा.

कुरुळी गावातलं उद्धवरावांचं काम मात्र सोडण्यासारखं नव्हतं. ते झालं की त्यांच्या ओळखीतल्या चार-पाच घरगुती धंद्यांची कायमची देखभाल रोहिदासला मिळणार होती. म्हणजे दर महिन्याचं खात्रीचं काम. म्हणजे लातूरकडच्या गावी ठेवलेली बायको विजयश्री आणि मुलगी उत्कर्षा यांना शाळा सुरू व्हायच्या आत इकडं आणता येणार. गेली काही वर्षं तो याच एका गोष्टीसाठी राबत होता. बाकी त्याला आयुष्यात काय पाहिजे असं विचारलं असतं तर त्याला पटकन सांगताही आलं नसतं.

उद्धवरावांना सगळे आप्पा म्हणत. जुन्या गावातलं घराणं. शेतं कंपन्यांत गेली, आलेल्या पैशातून त्यांनी तीन मजली घर बांधलं आणि कंपन्यांना बस-टेम्पो पुरवायचा धंदा घरातूनच थाटला. खालच्या हॉलमध्ये वर्षाली नावाची मुलगी बिलं करायची. तिचे कॉम्प्युटर, प्रिंटर, ड्रायव्हरांच्या हजेरीचं मशीन आणि कॅमेरे असं सगळं एका जाळ्यात बांधून द्यायचं, एवढंच काम.

"एवढंच कसं?" आप्पा म्हणाले. "वरच्या बी समद्या खोल्यांत पॉइंट काढा."

"वरच्या खोल्या तर रिकाम्या दिसतात, आप्पा."

"पोरं येत्याल की. आल्यावर म्हनत्याल, म्हातार्‍यानं आमच्या खोल्यांत कायबी केलं न्हाई."

वर्षालीनं मान वर करून रोहिदासकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. नंतर आप्पा आत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "थोरले वाकडला असतात, धाकटे परदेशात. दोघं शेवटचे आले ते आईंच्या दहाव्याला. तुम्ही करून टाका हो पॉइंट, म्हातार्‍याचं समाधान."

२

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी आणि लाइटही बहुतेक दिवसभर बंद. भिंतीतल्या पाइपांत हात घालायला यापेक्षा चांगला दिवस नाही, म्हणून रोहिदासनं वायर ओढायला गुरुवार धरला. त्या दिवशी वर्षालीलाही सुट्टी. आप्पा ओसरीवर खुर्चीत डुलक्या काढत होते.

घरामागच्या शेडमध्ये पत्रा ठोकणारा एक मोठा प्रेस होता. इतर दिवशी तो सारखा धप्प-धप्प करायचा, इतका की बोलताना मध्येच थांबावं लागायचं. आज तो गप्प होता. पंखे बंद, फ्रिज बंद. एवढ्या मोठ्या घरात ऐकू येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रोहिदासला स्वतःच्या चपलांचा आवाज नकोसा झाला आणि त्यानं त्या बाहेर काढून ठेवल्या.

घराचे सगळे पाइप जिन्याखालच्या खोलीत येऊन उतरत. खोली कसली, कोनाडाच तो. एक माणूस पाय दुमडून बसेल एवढा. घर बांधताना इलेक्ट्रिशियननं शहाणपणा केला होता आणि प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवली होती. तिचं एक टोक या कोनाड्यात, दुसरं वरच्या त्या-त्या खोलीत. खालच्या टोकाला वायर बांधायची आणि वरून दोरी ओढायची, की वायर आपसूक वर.

रोहिदासनं पहिल्या मजल्यावरच्या खोलीची दोरी शोधली, तिला वायर घट्ट बांधली, चिकटपट्टी गुंडाळली. तोंड पाइपाजवळ नेलं आणि सवयीनं ओरडला, "ओढ!"

आणि मग हसायला म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात हातातली वायर सरकली.

आधी वीतभर. मग थांबली. मग पुन्हा, सावकाश, एका हातामागून दुसरा हात टाकत एखाद्यानं ओढावी तशी ती वर जायला लागली. खोक्यातली वायर सुर्र सुर्र करत सुटत होती. रोहिदास नुसता बघत राहिला. खोक्यात वायर गुंतायला लागली तेव्हा कुठं त्याच्या तोंडून निघालं, "बास."

मोठ्यानं नव्हे, पुटपुटल्यासारखं. वायर थांबली.

३

घाबरला का? तर लगेच नाही. माणसाचं डोकं असं काही दिसलं की आधी वकिली करायला लागतं. दोरी वर कशात तरी ताणून बांधलेली असेल. वरच्या खिडकीतून वजन लोंबत असेल, गाठ सुटली आणि ते खाली गेलं. वर कुणीतरी आलं असेल, आप्पांच्या नात्यातलं, आवाज ऐकून मदतीला धावलं. हे शेवटचं त्याला बरं वाटलं. "थांबा हं, आलो!" असं म्हणत तो जिना चढला.

पहिल्या मजल्यावरची ती खोली थोरल्या मुलासाठी होती. पलंग होता, त्याच्या गादीवरचं दुकानातलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. कपाटाच्या आरशाला कागद चिकटवलेला. फरशीवर धुळीचा थर, आणि त्या धुळीत दारापासून पाइपाच्या भोकापर्यंत गेलेली आणि परत आलेली पावलं. रोहिदासनं आपला पाय त्यातल्या एका ठशावर ठेवून बघितला. त्याचीच होती. काल झाकण उघडायला आला तेव्हाची. दुसरं पाऊल नव्हतं.

खिडकी बंद होती. वजन वगैरे काही नव्हतं. भिंतीच्या भोकातून वायर बाहेर आली होती, आणि ओढून काढलेली दोरी खाली फरशीवर गुंडाळून ठेवलेली होती. छान एकसारखे वेढे घालून, शेवटचं टोक आत खोचून. रोहिदास स्वतः दोरी कोपर्‍यात भिरकावणारा माणूस. इतक्या निगुतीनं त्यानं जन्मात काही गुंडाळलं नव्हतं.

तो उलट्या पावली दारापर्यंत आला आणि जिना उतरून थेट ओसरीवर गेला.

"आप्पा, वर कोण आहे?"

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. पण ते जागे होते, कारण खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं आवळली.

"वर कोन असनार?" ते म्हणाले. "कोन बी न्हाई. काम झालं का?"

"होतंय."

"मग करा की."

४

तेव्हाच सामान उचलून निघून जायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण जायचं कुठं, हेही बघा.

रोहिदास कॉट बेसिसवर राहायचा. एका खोलीत चार कॉट, आणि माणसं शिफ्टप्रमाणे बदलती. एक उठून गेला की त्याच कॉटवर दुसरा येऊन पडायचा. कुणाचं नाव कुणाला धड ठाऊक नव्हतं. इतकी माणसं आणि बोलायला एक नाही, असली ती जागा. आलेला माणूस भिंतीकडं तोंड करून मोबाइल बघत झोपी जायचा.

त्या संध्याकाळी त्यानं विजयश्रीला फोन लावला. घडलेलं सांगावं असं मनात होतं, पण ती भरलेलीच होती.

"किती दिस असं चालायचं? पोरगी मला विचारायली, पप्पा खरंच तिथं राहतेत का म्हणून."

"अगं, काम संपत आलं. आळंदी फाट्याजवळ दोन खोल्या बघून ठेवल्यात. शाळाही जवळ आहे."

"मागच्या साली पण खोल्या बघितल्या होत्या."

मागच्या साली त्यानं बोलावलं होतं, त्या दोघी वल्लभनगरच्या स्टँडवर उतरल्या होत्या, आणि हा एका कंपनीत काम अडकलं म्हणून संध्याकाळपर्यंत पोचलाच नव्हता. दोघी तिथं बाकावर बसून राहिल्या. खोल्याही हातच्या गेल्या. आठवडाभर एका ओळखीच्याकडं अंग चोरून राहून दोघी परत गेल्या.

"ह्या वेळेला सांगून ठेवते," विजयश्री म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, तेच वाईट होतं. "स्टँडवर तुम्ही दिसलाव, तरच आम्ही उतरणार. नाही दिसलाव, तर त्याच गाडीनं माघारी. आणि मग बोलवायचं नाही बघा. मी तिथंच पोरीचं नाव शाळेत घालीन आणि आपलं काय ते बघीन."

"दिसंन गं. दिसंन की."

"उत्कीशी बोला."

उत्कर्षानं नव्या घरात गॅलरी आहे का, एवढंच विचारलं. आहे म्हटल्यावर ती खूश झाली. फोन ठेवल्यावर रोहिदास भिंतीकडं तोंड करून पडला, आणि त्याला फार एकटं वाटलं. रडू यावं इतकं.

५

काम तर संपवायचंच होतं. दुसर्‍या गुरुवारी तो पुन्हा कोनाड्यात जाऊन बसला. बराच वेळ दोरी हातात धरून राहिला. ओरडायचं नाही, गुपचूप जिना चढायचा, असं ठरवलं होतं. पण घर तसंच गप्प होतं आणि गुडघे दुखत होते, आणि खरं सांगायचं तर बघायचंही होतं. तो हळूच म्हणाला, "ओढ."

वायर गेली.

त्या दिवशी इतकी वायर गेली की दत्तोबा असतानाही कधी गेली नव्हती. कुठं अडकली नाही, कुठं पीळ पडला नाही. वळणावर जड लागलं की वरचा हात थांबायचा, रोहिदास जरा मागं घ्यायचा, मग पुन्हा पुढं. चांगला जोडीदार मिळाला की काम कसं होतं ते कामगारालाच कळतं. दुपारपर्यंत रोहिदास गुणगुणायला लागला होता. "जरा दमानं," तो पाइपात म्हणायचा. "ऊन काय पडलंय राव आज." डबा खायलाही तो कोनाड्यातच बसला, आणि डावा हात दोरीवर होता. का, ते विचारू नका. सोडावासा वाटला नाही.

दोन गोष्टी मात्र घडल्या.

वायर पोचली की ती तपासायला एक टेस्टर असतो. त्याचे दोन तुकडे. एक खालच्या टोकाला लावायचा, दुसरा वरच्या. दोन्ही लागले आणि वायर नीट असली, तर दिवे एकापाठोपाठ एक पेटत जातात. एकच लावला तर काही पेटत नाही. रोहिदास वरच्या टोकांना प्लग लावून खाली आला, कोनाड्यातल्या वायरला टेस्टर जोडला. दिवे ओळीनं पेटले. झकास, असं म्हणून त्यानं घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तर रुमालाबरोबर टेस्टरचा दुसरा तुकडा बाहेर आला. वर लावायचाच विसरला होता तो.

दिवे पेटतच होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. वरचं टोक कुणीतरी व्यवस्थित धरून ठेवलं होतं.

त्यानं टेस्टर उपटला. मग बराच वेळ विचार करून तो दुसर्‍या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत गेला, मोबाइल खिडकीच्या कठड्यावर टेकवून ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि खाली येऊन नेहमीसारखं म्हणाला, "ओढ."

नंतर जिन्यात बसून त्यानं ते बघितलं. आधी नुसती भिंत आणि भोक. लांबून त्याचाच आवाज. मग भोकातून दोरी बाहेर यायला लागली. ती खाली पडत नव्हती. हवेत ताठ होती, बसलेल्या माणसाच्या मांडीइतक्या उंचीवर, आणि खोली ओलांडून कपाटाच्या बाजूला, चित्राच्या बाहेर गेलेली. जात होती, थांबत होती, जात होती. "बास" ऐकू आलं तशी ती सैल पडली आणि हळूहळू जमिनीला टेकली.

तेवढ्यात कठड्यावरचा मोबाइल घसरला असावा. पडद्यावर एकदम छत आलं. थोडा वेळ छतच. मग चित्र हललं, कडेला काहीतरी काळपट होऊन गेलं, आणि खोली पुन्हा सरळ दिसायला लागली. मोबाइल होता तसा नीट टेकवून ठेवला होता.

रोहिदासनं ते पुसून टाकलं. ठेवून दाखवायचं तरी कुणाला?

६

दोन दिवसांनी भर दुपारी तो वायर खोचायचा विसरलेला पंच घ्यायला आला. वर्षाली जेवायला गेली होती. मागचा प्रेस धप्प-धप्प करत होता, त्यामुळं त्याची पावलं ऐकू गेली नसावीत.

कोनाड्याच्या दारात आप्पा जमिनीवर बसले होते. गुडघ्यामुळं एरवी ते जमिनीवर बसत नसत. पाय पसरलेले, टोपी शेजारी काढून ठेवलेली. दुसर्‍या मजल्यावरच्या मागच्या खोलीची तेवढी एक दोरी अजून पाइपात होती, बाकी सगळीकडं वायर गेली होती. ती दोरी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. डोळे मिटलेले, आणि चेहरा इतका निवांत, की रोहिदासला आपण भलत्या वेळी आलो असं वाटलं.

दोरी जराशी आत ओढली गेली. आप्पांनी जराशी परत घेतली.

"आप्पा."

ते दचकले नाहीत. डोळे उघडून त्यांनी रोहिदासकडं पाहिलं आणि दोरी मांडीवर ठेवली.

"ही एक राहू द्या," ते म्हणाले. "ह्या खोलीत पॉइंट नगं."

"कोण आहे ते?"

"ठावं न्हाई."

रोहिदास चाचरला. "आईसाहेब..."

"न्हाई न्हाई. ती न्हाई ती. तिचा हात मला ठावं हाय. तिचा हात असा न्हवता." आप्पांनी हातांच्या तळव्यांकडं बघितलं. "ती गेल्यावर मी हितं झाडत हुतो. दोरी हाताला लागली, म्हनून सरकावली बाजूला. तर तिकडनं कुनीतरी ओढली. लई भ्यालो. आठ-पंधरा दिस हिकडं फिरकलो न्हाई. मग म्हटलं, दुसरं कोन हाय आपल्याला? पोरांना फोन केला तर मीटिंगमंदी असत्यात. हितं बोलावं लागत न्हाई. नुसतं धरायचं."

"भीती वाटत नाही?"

"धरल्यावं न्हाई वाटत. सोडल्यावं वाटती."

प्रेस चालूच होता. आप्पांनी हात वर केला, रोहिदासनं त्यांना उठवलं. म्हातार्‍यानं त्याचं मनगट सोडलं नाही.

"तुमी धरली काय?" त्यांनी विचारलं.

"कामापुरती."

"खरं सांगा."

रोहिदासची नजर दोरीकडं गेली.

"धरू नगा," आप्पा म्हणाले. "माझं ठीक हाय, माझं काय र्‍हायलंय आता. तुमाला बायको हाय, पोरगी हाय. तुमची मानसं येनार हायती. तुमाला कशापायी पायजेल हे? गुरवारी या, वर्षालीला काय ते समजावून द्या, आन जावा. परत ह्या कोनाड्यात बसू नगा. मला वचन द्या."

रोहिदासनं वचन दिलं. मनापासून दिलं, यात शंका नको.

७

गुरुवारी विजयश्रीचा सकाळीच फोन आला. दोघी गाडीत बसल्या होत्या. दुपारी वल्लभनगरला पोचणार.

आळंदी फाट्याच्या खोल्यांची किल्ली रोहिदासच्या खिशात होती. काल त्यानं स्वतः फरशी पुसली होती, गॅस जोडला होता, उत्कर्षासाठी गॅलरीत एक छोटी खुर्ची ठेवली होती. त्याला इतका आनंद झाला होता, की कॉटवरच्या अनोळखी माणसालाही त्यानं सांगितलं, "माझी फॅमिली येऊ लागली आज." तो माणूस कूस बदलून झोपला.

आप्पांकडचं काम तासाभराचंही नव्हतं. वायरींना नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या. वर्षाली मुद्दाम सुट्टीची आली होती. तिला राउटर कुठं बंद-चालू करायचा ते दाखवलं आणि ती निघून गेली. आप्पांनी त्याला नवा टॉवेल आणि पेढ्यांचा पुडा दिला. "पोरीला द्या. आन निघा आता, वाटंत ट्रॅफिक असंल," ते म्हणाले आणि ओसरीवर जाऊन बसले.

पिशवी उचलायला रोहिदास कोनाड्यात वाकला. ती एक दोरी तिथं लोंबत होती.

आता इथं परत यायचं कारण नाही, त्याच्या मनात आलं. इतके दिवस साथ दिली. नुसतं तसंच निघून जायचं, हे बरं दिसत नाही. घरातून निघताना माणूस येतो म्हणून सांगतोच की. तेवढंच करावं. तो पाय दुमडून बसला आणि त्यानं दोरी हातात घेतली.

वरून तिला हलकासा ताण आला. ओढ नव्हती, घाई नव्हती. झोपेतलं पोर बोट धरून ठेवतं तेवढाच. रोहिदासचे खांदे सैल झाले. गेल्या कित्येक वर्षांत आपण किती थकलो होतो, ते त्याला एकदम कळलं. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला वाट बघायला लावायचं नाही. तिकडं कुणीतरी आहे आणि इकडं आपण आहोत, झालं.

सकाळची दुपार कधी झाली ते त्याला कळलं नाही. मोबाइल वाजला. पिशवीवर पालथा पडला होता. उचलू, रोहिदासनं ठरवलं. वाजून बंद झाला. मग पुन्हा वाजला.

"आवो, तुमी गेला न्हाई?" आप्पा कोनाड्याच्या दारात उभे होते. त्यांनी त्याचे हात बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. "सोडा. रोहिदास, सोडा ती."

"सोडतो की," रोहिदास म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा होता. "एवढं झालं की सोडतो."

फोन वाजतच होता. आप्पांनी तो उचलला, त्यांना धड जमेना, कुठंतरी बोट लागलं आणि स्पीकरवर स्टँडचा गलका कोनाड्यात घुसला.

"पप्पा?" उत्कर्षा होती. "आम्ही गाडीतच बसलोत. मम्मी खाली उतरू देईना. तुम्ही कुठं उभारलाव? मी खिडकीतून बघायले, तुम्ही दिसत नाहीत."

"आलोच बघ, बाळा," रोहिदास म्हणाला.

"कुठंपर्यंत आलाव?"

"इथंच. आलोच."

आप्पा गुडघ्यावर खाली बसले, ते त्यांना किती दुखलं असेल कुणास ठाऊक. ते रोहिदासची बोटं सोडवायला लागले. बोटं आवळलेली नव्हती. एक सोडवलं की ते आपलं परत जाऊन बसायचं. "आवो, पोरगी रडंल तिकडं! उठा! मी हाय हितं, मी धरतो, तुमी जावा!" म्हातारा हुंदके देत होता. मग त्यांची नजर पिशवीतल्या कटरवर गेली. त्यांनी तो घेतला. ती एकच दोरी राहिली होती त्यांना या घरात, आणि त्यांनी तिच्यावर कटर धरला.

रोहिदासनं त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना ढकललं. फार जोरात नाही. पण म्हातारं माणूस, ते भिंतीला जाऊन आपटले आणि तिथंच बसले. कटर लांब जाऊन पडला.

"पप्पा, गाडी निघाली," फोनमध्ये उत्कर्षा म्हणाली. मागून विजयश्री काहीतरी बोलली, ते नीट ऐकू आलं नाही. मग नुसता इंजिनचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

आप्पांनी तोंडावर टॉवेल धरला होता, पेढ्यांच्या पुड्यावरचा नवा टॉवेल. घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता. रोहिदास जरा सरसावून बसला, पाठ भिंतीला टेकली, आणि त्यानं दोरी थोडी ढिली दिली. वरून ती घेतली गेली.